मुस्तफा विकत मिळत नाही, मग तो जपायचा कोणी?

कराडच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत आमचं गेम पार्लर होतं. पत्र्याचं शेड, आत चार मशिनी, एक टेबलफॅन, आणि कोपऱ्यातल्या मशीनभोवती कायम घोळका, कारण त्या मशीनवर मुस्तफा होता. मशीनवर इंग्रजीत कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स असं मोठं नाव होतं पण ते आम्ही कधी तोंडातून काढलं नाही, पिवळ्या टोपीवाल्या गड्याचं नाव मुस्तफा म्हणून गेमचं नाव मुस्तफा. मला वाटायचं हे आमच्या गल्लीचंच नाव असेल, पण कॉलेजला पुण्यात आलो तर नागपूरची पोरं, बेळगावची पोरं, एक तर पार कानपूरचा रूममेट, सगळ्यांच्या पार्लरमध्ये हा गेम मुस्तफाच होता. पळत जाऊन मारायची ती लाथ सगळ्यांना यायची आणि तिसऱ्या स्टेजला गाडी मिळाली की ओरडायचे सगळेच. पार्लरवाले अण्णा रुपयाला एक कॉइन द्यायचे आणि आमच्यातला एक जण एका कॉइनमध्ये पार शेवटच्या डॉक्टरपर्यंत जायचा, तेव्हा बाकीच्या तीन मशिनी रिकाम्या पडायच्या आणि अण्णा सुद्धा गल्ल्यावरून उठून बघायला यायचे.

आज तुम्हाला हा गेम रीतसर पैसे मोजून विकत घ्यायचाय असं समजा, तर तो मिळत नाही. मोबाइलवर नाही, कॉम्प्युटरवर नाही, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निन्टेन्डो कशावरच नाही. कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९३ साली तो पार्लरच्या मशीनसाठी काढला आणि त्यानंतर घरच्या कुठल्याही मशीनवर आणलाच नाही, २०१८ ला त्यांनी याच जातीच्या मारामारीच्या जुन्या गेम्सचा एक संच काढला त्यातही हा नव्हता. भारतात हजारो लोकांच्या लहानपणाचा एक तुकडा म्हणजे हा गेम आहे आणि तो खेळायचा कायदेशीर मार्ग एकच, तो म्हणजे तीस वर्षांपूर्वीचा मूळ सर्किट बोर्ड शोधून काढा, चालू स्थितीतला, आणि त्याला मशीन जोडा. कोणाला जमणार आहे हे?

तरी माझा भाचा मागच्या दिवाळीत माझ्या जुन्या लॅपटॉपवर मुस्तफा खेळला. कसा खेळला ते तुम्हाला माहीत आहे, एम्युलेटर म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम टाकला, रॉम म्हणजे बोर्डाच्या चिपांमधून वाचून काढलेली गेमची फाइल उतरवून घेतली, झालं. कायद्याच्या भाषेत ती रॉम माझ्याकडे असणं हा हक्कभंग आहे, मला हे माहीत आहे आणि मी ते लपवत पण नाही. मला जे म्हणायचंय ते एवढंच की ज्याने गेम बनवला त्याचा त्यावर हक्क आहे हे शंभर टक्के मान्य, पण त्या हक्कात तो गेम विकायचाही नाही आणि दुसऱ्या कोणाला जपूही द्यायचा नाही, नुसता मरू द्यायचा, हा अधिकार बसत नाही. बसत असेल तर कायदा बदलायला पाहिजे.

आधी हे बघू की कॅपकॉम विकत का नाही. यात कोणी दुष्ट माणूस बसलाय असं नाही. मूळ गोष्ट मार्क शुल्ट्झ या चित्रकाराच्या झेनोझोइक टेल्स नावाच्या कॉमिक्समधली, १९८७ ला सुरू झालेली मालिका. त्यावर १९९३ ला अमेरिकेत टीव्ही कार्टून आलं आणि त्याच सुमाराला गेम. म्हणजे गेमचा कोड कॅपकॉमचा, पात्रं दुसऱ्याची, आणि नावातला कॅडिलॅक हा शब्द जनरल मोटर्सचा ट्रेडमार्क. तेव्हा केलेला करार तेव्हापुरता असतो, आज परत विकायचा तर सगळ्यांशी नव्याने बोलणी, वकील, पैसे, आणि एवढं करून गेम किती खपेल याची खात्री नाही, मग कंपनी म्हणते राहू दे. मनात आणलं तर जमतं हे पण खरं आहे, कारण कॅपकॉमचाच १९९३ चा पार्लरवाला पनिशर, मार्व्हलच्या पात्रांचा, तो २०२४ मध्ये जुन्या गेम्सच्या संग्रहात परत आला. एकतीस वर्षं लागली. तोपर्यंत तो गेम कुठं होता, कोणी सांभाळला?

आणि बोर्ड तोपर्यंत थांबत नाही. पार्लरच्या मशीनमध्ये गेम ज्या बोर्डावर असतो त्याच्या चिपा म्हातार्‍या होतात, कपॅसिटर फुटतात, पावसाळ्यात ट्रॅक गंजतात, हे झालं नैसर्गिक मरण. कॅपकॉमने यात स्वतःची भर घातली होती. मुस्तफाच्या बोर्डावर काबुकी नावाचा प्रोसेसर आहे, आवाजाचं काम करणारा, त्याचा प्रोग्रॅम कुलूपबंद आहे आणि कुलपाची किल्ली एका छोट्या मेमरीत ठेवलेली, जी बॅटरीवर जिवंत राहते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्डाची आवाजाची बाजू गेली. नंतरच्या सीपीएस-२ बोर्डांना तर बॅटरी संपली की पूर्ण बोर्डच बंद, एका रंगाचा कोरा स्क्रीन दिसतो आणि संपलं. नकली बोर्ड निघू नयेत म्हणून हे केलं होतं, आणि त्या काळात नकली बोर्डांचा सुळसुळाट होता त्यामुळे कंपनीचा राग मी समजू शकतो. पण याचा अर्थ काय झाला ते बघा, ज्या पार्लरवाल्याने पैसे देऊन असली माल घेतला त्याच्याच बोर्डात मरायची तारीख घालून दिली होती. जगभरातले बोर्ड असे एकेक करून मेले. शेवटी २०१६ साली हौशी लोकांनीच, स्वतःच्या वेळात, मेलेल्या सीपीएस-२ बोर्डात किल्ली परत भरायची पद्धत शोधून सगळ्यांसाठी खुली केली.

हे मी नुसतं वाचून लिहीत नाहीये. काही वर्षांपूर्वी कराडला गेलो होतो तेव्हा अण्णांच्या मुलाने माळ्यावरून तीन बोर्ड काढून दाखवले, पेपरात गुंडाळून सुतळीने बांधलेले. पार्लर कधीच बंद झालं होतं, तिथं आता मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. कॅबिनेटं लाकडाच्या भावात गेली, काचेच्या पिक्चर ट्यूबा भंगारवाल्याने नेल्या, बोर्ड तेवढे राहिले कारण अण्णा म्हणायचे याला तेव्हा लई पैसे पडले होते. पहिला बोर्ड मुस्तफाचा, तो उलगडला तर बॅटरी फुटून त्यातलं पाणी पसरलेलं, आजूबाजूच्या तांब्याच्या रेघा हिरव्या पडलेल्या, बोट लावलं तर भुकटी हाताला आली. भंगारवाला किलोवर मागतोय, देऊ का, असं त्याने विचारलं. मी तो एक बोर्ड मागून पुण्याला आणला. टीव्ही रिपेअरिंग करणारा माझा एक मित्र आहे, त्याच्याकडे चिपा वाचायचं रीडर होतं, दोघांनी मिळून एक रविवार घातला, एकेक चिप अलगद उपसायची, पाय साफ करायचे, रीडरमध्ये बसवायची, वाचायची. जे वाचून येतं त्याचा एक आठ अक्षरी आकडा निघतो, सीआरसी म्हणतात त्याला, तो मेम नावाच्या एम्युलेटरच्या यादीशी पडताळायचा, जुळला तर चिप ठणठणीत. बहुतेक जुळल्या. दोन जुळल्या नाहीत, परत वाचल्या तर प्रत्येक वेळी वेगळाच आकडा, म्हणजे चिपेलाच स्वतःत काय लिहिलंय ते आठवेना झालं होतं. मित्राने रीडर बंद केलं आणि म्हणाला, गेला रे हा.

आमच्या कराडचा मुस्तफा असा गेला. पण मुस्तफा गेला नाही, कारण जगात कुठंतरी, कोणीतरी, त्याचा बोर्ड धडधाकट होता तेव्हाच त्याच्या चिपा वाचून ठेवल्या होत्या. आमच्या दोन चिपा खराब आहेत हे आम्हाला कळलं ते पण त्या अनोळखी माणसाने केलेल्या नोंदीमुळेच. कंपनीने परवानगी दिली नव्हती त्याला, कोणी पगार दिला नव्हता. मेमची पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९७ ला निकोला साल्मोरिया नावाच्या इटालियन माणसाने काढली आणि आज त्यात हजारो मशिनींची नोंद आहे, कुठली चिप, ती किती वेगाने चालते, आवाज कसा निघतो, सगळं. हे लोक खेळण्यापेक्षा नोंद ठेवण्याला जास्त महत्त्व देतात आणि तसं उघड सांगतात पण.

एम्युलेटर म्हणजे चोरी असं अजून बऱ्याच लोकांना वाटतं, ते चूक आहे. एम्युलेटर हा स्वतःच्या अकलेने लिहिलेला प्रोग्रॅम असतो, जुन्या मशीनची नक्कल करणारा. सोनीने कनेक्टिक्स कंपनीवर केस केली होती, मॅकवर प्लेस्टेशनचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर काढलं म्हणून, आणि २००० साली अमेरिकेच्या अपील कोर्टाने कनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला. मग सोनीने ते सॉफ्टवेअर विकतच घेतलं आणि बंद करून टाकलं, हा भाग वेगळा. आणि त्याच सोनीने २०१८ ला छोटं प्लेस्टेशन क्लासिक विकायला काढलं तेव्हा आत काय होतं, तर हौशी लोकांनी बनवलेला, सगळ्यांना खुला असलेला पीसीएसएक्स एम्युलेटर. कॅपकॉमच्या नावाने २०१९ ला जे होम आर्केड आलं त्यातही हौशी मंडळींचाच एफबी अल्फा नावाचा एम्युलेटर होता, आणि तो कोणाच्या परवानगीने दिला यावरून त्या टीममध्येच भांडणं होऊन बरेच लोक बाहेर पडले. म्हणजे ज्या कामाला वीस वर्षं नावं ठेवली त्याच कामावर माल बनवून विकला. विकावा, मला आनंदच आहे, कायदेशीर लायसन्स घेऊन विकला असेल तर तक्रार पण नाही, फक्त मग त्या कामाची किंमत कायद्यात पण धरा.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करून हा वाद जिंकता येत नाही. निन्टेन्डोच्या झेल्डा मालिकेतला टिअर्स ऑफ द किंगडम हा गेम १२ मे २०२३ ला बाजारात यायचा होता, त्याआधीच फुटला, आणि निन्टेन्डोने कोर्टात सांगितलं की बाजारात यायच्या आतच दहा लाखांवर वेळा उतरवला गेला. असे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा युझू नावाचा एम्युलेटर बनवणाऱ्यांवर त्यांनी फेब्रुवारी २०२४ ला केस केली आणि आठवड्याभरात तडजोड झाली, २४ लाख डॉलर आणि काम कायमचं बंद. यात माझी सहानुभूती गेम बनवणाऱ्यांकडे आहे. शेकडो माणसांनी पाच-सहा वर्षं खपून बनवलेली चीज, दुकानात चालू भावाने मिळणारी, ती फुकट घ्यायची आणि वर म्हणायचं आम्ही जतन करतोय, हे ढोंग आहे आणि याने आमच्यासारख्यांची बाजू लंगडी पडते. जे विकत मिळतंय ते विकत घ्या. परवडत नसेल तर थांबा, गेम स्वस्त होतात. पुण्याच्या बाजारात दीडशे रुपयाला नव्या गेमच्या कॉपी केलेल्या सीड्या मिळायच्या तेव्हा मी पण घेतल्यात आणि ते बरोबर नव्हतं.

पण याच काठीने सगळ्यांना झोडायचं हे पण बरोबर नाही. २०१८ च्या जुलैमध्ये निन्टेन्डोने लव्हरॉम्स नावाच्या रॉम साइटवर केस केली, शेवट १ कोटी २२ लाख डॉलरवर झाला. त्या साइटवर जाहिराती होत्या, पैसे कमावले जात होते, हे मान्य. त्या केसच्या धसक्याने ऑगस्टमध्ये एम्युपॅराडाइजने आपल्या सगळ्या रॉम काढून टाकल्या, अठरा वर्षांचं काम. ही साइट सुरू करणारा माणूस भारतात वाढलेला, लहानपणी हे गेम आपल्याला खेळायलाच मिळाले नाहीत म्हणून साइट सुरू केली असं त्याने तेव्हा स्वतः लिहिलं होतं. मला ते वाचून काय वाटलं सांगू, मला ते अगदी ओळखीचं वाटलं. निन्टेन्डोची दुकानं आपल्याकडे नव्हतीच, आपल्याकडे आलं ते नकली व्हिडिओ गेम आणि नऊ लाख नव्व्याण्णव हजार गेम लिहिलेली पिवळी कॅसेट, त्यात खरे गेम पंधरा-वीस, काँट्रा, मारिओ, टँक, सर्कस, तेच फिरून फिरून. असली कॅसेट काय असते ते आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलं पण नाही. ज्या देशात कंपनीचा असली माल बहुतेकांपर्यंत कधी पोचलाच नाही तिथल्या माणसाने नक्कल खेळली तर कंपनीचं नेमकं किती नुकसान झालं, हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

बरं, त्या साइटवरून मारिओ काढला हे ठीक, मारिओ निन्टेन्डो आजही विकतं. पण त्याच्यासोबत असे शेकडो गेम गेले ज्यांच्या कंपन्या बुडाल्या, ज्यांचा मालक कोण हे मालकालाच माहीत नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ ला सॉफ्टवेअर प्रिझर्वेशन नेटवर्कसोबत अभ्यास करून सांगितलं की २०१० च्या आधी अमेरिकेत आलेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. शंभरातले तेरा मिळतात. दुकानं पण बंद होतात, निन्टेन्डोने वी यू आणि थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद केलं आणि फक्त तिथंच मिळणारे गेम विकत घ्यायचा रस्ता संपला. युबिसॉफ्टने द क्रू या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले आणि ज्यांनी पैसे देऊन गेम घेतला होता त्यांच्याकडे पण तो उरला नाही, त्या रागातून युरोपात जी मोहीम उभी राहिली तिने २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. माझा स्वतःचा एक गेम असाच गेलाय, फोनवर विकत घेतलेला, फोन बदलला आणि नवीन फोनवर खरेदीच्या यादीत नाव आहे पण उतरवायला बटण नाही, कस्टमर केअरला तीन मेल टाकले, प्रत्येक वेळी एकच छापील उत्तर.

म्हणून रॉम साइटला चाचेगिरी म्हणा, पण मग हे पण सांगा की उरलेल्या ८७ टक्क्यांचं काम कोणी करायचं. लायब्ररीने करावं, असं कोणी म्हणेल, आणि मलाही तेच पाहिजे. गंमत नाही, चीड येण्यासारखी गोष्ट आहे ही, कारण लायब्रऱ्या तयार होत्या. अमेरिकेच्या कायद्यात १९९८ पासून डिजिटल कुलूप तोडणं हाच गुन्हा आहे, कारण काही का असेना, आणि दर तीन वर्षांनी कोणाला सूट द्यायची ते कॉपीराइट ऑफिसच्या शिफारशीवरून लायब्ररी ऑफ काँग्रेसचा प्रमुख ठरवतो. लायब्ररी आणि संग्रहालयांनी मागितलं की बाजारातून गेलेले गेम अभ्यासकांना त्यांच्या घरून, मर्यादित वेळेसाठी बघू द्या, इतर सॉफ्टवेअरला ही सूट २०२१ पासून आहेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये उत्तर आलं, नाही. गेम कंपन्यांच्या संघटनेचं म्हणणं होतं की लोक अभ्यासाच्या नावाखाली मजेसाठी खेळतील, आणि सुनावणीत त्यांच्या वकिलाला विचारलं की मग कुठल्या अटी घातल्या तर चालेल, तर तो म्हणाला आत्ता तरी अशी कुठलीच अट नाही जी आमच्या सभासदांना चालेल. म्हणजे अभ्यासकाने गेम बघायचा तर विमानाचं तिकीट काढून त्या लायब्ररीच्या खोलीत जाऊन बसायचं.

मजेसाठी खेळतील. मी आठवीत असताना नगर वाचनालयातून रहस्यकथा आणायचो त्या काय अभ्यासाला आणायचो? एका दमात वाचून दुसऱ्या दिवशी बदलून आणायचो आणि ग्रंथपाल बाई चिडायच्या की कार्डावर जागा उरली नाही. पुस्तकाची मजा घेतली म्हणून लायब्ररीचा हक्क जात नाही, मग गेमची मजा घेतली तर का जावा? मजा हेच तर गेमचं काम आहे, मजा न घेता गेमचा अभ्यास करायचा म्हणजे गाणं न ऐकता गाण्यावर प्रबंध लिहायचा.

आपल्याकडे काय आहे ते पण बघितलं पाहिजे. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा या बाबतीत अमेरिकेपेक्षा जरा माणसासारखा वागतो. २०१२ च्या दुरुस्तीत कलम ६५ए आलं, त्यात कुलूप तोडणं गुन्हा आहे पण हक्कभंगाच्या हेतूने तोडलं तरच. कलम ५२ मध्ये, प्रोग्रॅम रीतसर तुमच्याकडे असेल तर बॅकअप कॉपी करायची मुभा आहे. आणि त्याच कलमात सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते असं पण आहे, मी ते वाचलं तेव्हा आनंदलो होतो, पण पुढची अट वाचली आणि हिरमोड झाला. ग्रंथालयाकडे त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत आधीपासून असली पाहिजे. आता गेमची डिजिटल नसलेली प्रत कुठून आणायची? कॅसेट डिजिटल, सीडी डिजिटल, बोर्डावरची चिप डिजिटल. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर पुस्तक होतं, त्यांचा दोष नाही, पण पहिल्यापासून डिजिटल जन्मलेल्या वस्तूला या कलमात जागाच नाही. एक ओळ बदलायची आहे फक्त.

दुसरं म्हणजे १९५४ चा एक कायदा आहे, प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना, त्यातलं एक मुंबईत, पाठवायची. जपानने २००० सालापासून त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पुस्तकांसारखेच डबाबंद गेमसुद्धा जमा करून घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडे असं काही नाही, आणि हा प्रश्न आता फक्त जपानी-अमेरिकी गेम्सचा राहिलेला नाही. मुंबईत १९९९ ला इंडियागेम्स सुरू झाली, स्मार्टफोनच्या आधीच्या जावा फोनच्या जमान्यात आपल्यातल्या किती जणांनी तिचे क्रिकेटचे, सिनेमावरचे गेम नोकियाच्या दोन इंची स्क्रीनवर खेळले असतील. २०११ ला ती डिस्नेने घेतली. ते गेम मोबाइल कंपन्यांच्या वॅप पोर्टलवरून, म्हणजे तेव्हाच्या फोनवर उघडणाऱ्या साध्या वेबसाइटवरून, विकले जायचे, ती पोर्टलं गेली, फोन गेले, आणि ते गेम आज असतील तर कोणाच्या तरी मेमरी कार्डावर पडलेल्या जार फायलींमध्ये. ही मुंबईत, इथल्या पोरांनी बनवलेली कला आहे, आणि तिची प्रत मुंबईतल्या एका तरी सार्वजनिक ग्रंथालयात असायला पाहिजे होती की नको? आलम आरा १९३१ ला मुंबईतच बनला, पहिला बोलपट, त्याची एकही प्रिंट आज नाही. पुण्यात फिल्म अर्काइव्ह आलं १९६४ ला. तेहतीस वर्षं मधे गेली आणि त्यात जे गेलं ते गेलं. जावा गेम्सना आता वीसेक वर्षं झाली.

मालकाला वाटतं की आपण नीट सांभाळू, पण मालक सांभाळत नाहीत, हे अनेकदा दिसलंय. कोनामीने सायलेंट हिलची नवी आवृत्ती २०१२ ला काढली तेव्हा बनवणाऱ्यांना जुन्या गेमचा अंतिम कोडच मिळाला नाही, अर्धवट कोडवरून काम करावं लागलं. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आपण सगळ्यांनी खेळलेला प्रिन्स ऑफ पर्शिया, १९८९ चा, त्याचा मूळ कोड खुद्द तो लिहिणाऱ्या जॉर्डन मेकनरकडेच नव्हता, त्याने आशा सोडली होती, २०१२ ला त्याच्या वडिलांना कपाटात एक खोका सापडला आणि त्यात त्या फ्लॉपी निघाल्या. तेवीस वर्षांच्या फ्लॉपी, त्या वाचायला जतनाचं काम करणारी माणसं घरी आली आणि कोड वाचला. मेकनरने तो जपून ठेवला नाही कुलपात, सगळ्यांना खुला करून टाकला. आमच्या लॅबमधली कॉपी कुठून आली होती देव जाणे, पहिली लेव्हल संपली की बाटल्यांची खोली यायची आणि मॅन्युअलच्या अमुक पानावरचं अक्षर विचारायचे, मॅन्युअल कोणी पाहिलंय, आम्ही अंदाजाने बाटली प्यायचो आणि मरायचो, मग कोणीतरी बरोबर अक्षरं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आणि ते पान वर्गभर फिरलं.

मग मागणं काय आहे माझं, तर फार मोठं नाही. गेम ठरावीक वर्षं, दहा म्हणा पंधरा म्हणा, कुठंच विकत मिळत नसेल तर ग्रंथालयांना आणि नोंदणी केलेल्या जतन करणाऱ्या संस्थांना तो जपायचा आणि लोकांना बिनपैशाने वापरायला द्यायचा हक्क मिळावा, मालकाने परत विकायला काढला की त्या दिवशी हक्क संपला. हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही, युरोपीय संघाच्या २०१९ च्या कॉपीराइट निर्देशात बाजारातून गेलेल्या कृतींसाठी जवळपास अशीच सोय आहे आणि मालकाला नको असेल तर बाहेर पडायची मुभा पण आहे. यात कोणाचं उत्पन्न बुडतं मला सांगा. जे विकतच नाही त्याचं उत्पन्न शून्य आहे. उलट पनिशरसारखा गेम परत विकायला काढायचा तेव्हा चालू स्थितीतली प्रत, त्याचे सगळे तपशील, ते ठेवणारे लोक, हे सगळं हाताशी असतं. अमेरिकेत कंपनीच्या मालकीच्या कृतीचा कॉपीराइट प्रकाशनापासून ९५ वर्षं, म्हणजे मुस्तफा तिथं सगळ्यांसाठी मोकळा होणार १ जानेवारी २०८९ ला. एकही बोर्ड, एकही चिप, आणि त्या पार्लरमध्ये उभं राहिलेलं आमच्यातलं एकही पोरगं तोपर्यंत राहणार नाही.

अण्णांच्या मुलाला मी भंगारात देऊ नको म्हणून सांगितलंय, तो म्हणाला बरं. माळ्यावर अजून दोन बोर्ड आहेत, एकावरचं लेबल उंदराने खाल्लंय त्यामुळे आत कुठला गेम आहे ते कळत नाही, त्याला वाटतं घोड्यावरचा होता, मला वाटतं नव्हता. या मे महिन्यात मित्राला रीडर घेऊन कराडला नेणार आहे. तुमच्या ओळखीत कोणाचं पार्लर होतं का, किंवा कपाटात जुना नोकिया, मेमरी कार्ड, फ्लॉपीचा डबा पडलाय का, तो बघा एकदा, पावसाळ्याच्या आत बघा, आणि बॅटरी असेल तर आधी ती काढून ठेवा. पण बोर्डावरची काढायच्या आधी कोणाला तरी विचारा, काही बोर्डांचा जीव त्या बॅटरीतच असतो.